तबकडीवर नाव कोणाचं?



मागच्या महिन्यात आमच्या रेडिओ केंद्रावर एक मुलगी आली. बारावीला शिकणारी. "माझ्या आजीचा आवाज तुमच्याकडे आहे का?" एवढंच तिने विचारलं. तिची आजी आमच्या एका बचत गटाची जुनी सभासद. काही वर्षांपूर्वी तिने आमच्या माइकसमोर जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. आजी यंदा पौषात गेली. घरात तिचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही.

आम्ही शोधायला बसलो. ओव्यांच्या चाळीसेक फायली निघाल्या. पण फायलींवर नाव काय, तर "ओवी 1", "ओवी 2", "ओवी नवीन", "ओवी नवीन चांगली". आणि निवेदनात आमचाच आवाज, "आता ऐकू या आपल्या एका ज्येष्ठ भगिनीच्या ओव्या." नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. गटाच्या वहीत दहा रुपयांच्या बचतीची नोंद चुकू न देणाऱ्या आम्ही, आणि माणसाचं नाव लिहायचं राहून गेलं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगू. त्याआधी आज आम्हाला एका दुसऱ्याच माणसाची आठवण सांगायची आहे. तो माणूस जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली. तो ट्रम्पेट वाजवायचा. त्याचं वाजवणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असण्याची शक्यता खूप आहे. त्याचं नाव मात्र बहुतेकींनी ऐकलेलं नसेल.

भगवानदादांचा नाच तुम्हाला माहीत आहे. गुडघ्यात किंचित वाकून, हात हलवत, सावकाश ठेक्यात चालणारा. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत आजही पोरं तसंच नाचतात. हे भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 साली त्यांचा "अलबेला" हा चित्रपट आला. त्यातलं "शोला जो भडके" हे गाणं खूप गाजलं. संगीत होतं सी. रामचंद्र यांचं. सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. नाचणारा मराठी, संगीत देणारा मराठी. पण त्या चित्रपटाच्या गाण्यांतला तो नाचरा ठेका, पितळी वाद्यांचा तो लखलखीत आवाज आला कुठून?

तो आला गोव्यातून आलेल्या वादकांकडून. त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे चिक चॉकलेट. हे टोपणनाव. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 सालचा, गाव बार्देश तालुक्यातलं हळदोणे, म्हणजे आल्दोना. मृत्यू 1967 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. "अलबेला"मधल्या एका गाण्यात ते आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतातही.

आता ट्रम्पेट म्हणजे काय ते आधी सांगतो. लग्नाच्या बँडमध्ये चकचकीत पितळेचं, पुढे फुलासारखं उमललेलं तोंड असलेलं वाद्य असतं. वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले असतात. ते ट्रम्पेट. त्याला वर फक्त तीन खटके असतात. सगळे सूर त्या तीन खटक्यांतून आणि ओठांच्या दाबातून काढायचे. पेटीला जशा पट्ट्या असतात तशा इथे नाहीत. म्हणून ते वाजवायला ओठांची आणि दमाची रोजची मेहनत लागते. चार दिवस सोडलं की ओठ ऐकत नाहीत.

आणि चिक चॉकलेट वाजवायचे ते जॅझ संगीत. हे संगीत अमेरिकेतलं, न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात वाढलेलं. ज्यांच्या आजे-पणज्यांना आफ्रिकेतून गुलाम करून जहाजांत कोंबून नेलं होतं, त्या काळ्या लोकांनी ते घडवलं. शेतात राबताना म्हणायची गाणी, देवळातली भजनं, दुःखाची गाणी आणि रस्त्यावरचे बँड, असं सगळं त्यात मिसळलं. लुई आर्मस्ट्राँग त्याच शहरात 1901 साली एका गरीब घरात जन्मले. 1925 ते 1928 या वर्षांत त्यांनी शिकागोत आपल्या छोट्या गटांबरोबर ज्या रेकॉर्डी केल्या, त्या ऐकून जगभरचे वादक वाजवायला शिकले. त्या पहिल्या गटात पियानोवर एक बाई होत्या, लिल हार्डिन. त्या लुईंच्या पत्नी होत्या, गाणी रचायच्या, आणि "दुसऱ्याच्या मागे बसून वाजवू नकोस, पुढे हो" असा लुईंच्या मागे लकडा त्यांनीच लावला होता.

जॅझची मुख्य खूण एकच. चाल सगळ्यांना माहीत असते. पण वाजवताना प्रत्येकाची पाळी येते, आणि आपल्या पाळीला वादक त्या चालीत आपलं काहीतरी तिथल्या तिथे रचून घालतो. ते कुठेही लिहिलेलं नसतं. उद्या तोच माणूस तीच चाल वाजवेल तेव्हा ते वेगळं असेल.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? जात्यावर बसल्यावर आपल्या आया-आज्या काय करायच्या? गळा एकच, चाल एकच. पण एकीने ओवी म्हटली की दुसरी तिच्यात आपली ओवी जोडायची. भाऊ आला असेल तर भावाची, लेक सासरी निघाली असेल तर लेकीची. ठरवून नाही, दळता दळता. हे दोन संगीतप्रकार एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोन्ही राबणाऱ्या माणसांचे, आणि दोन्हीकडे रीत तीच.

मग हे अमेरिकेतलं संगीत गोव्याच्या माणसाच्या हाती कसं लागलं? त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण शाळा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, ते 1961 पर्यंत राहिलं. तिथे गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळा असत. चर्चमध्ये गायला आणि वाजवायला माणसं लागत, म्हणून त्या शाळांत मुलांना संगीत शिकवत. नुसतं कानाने ऐकून नाही, तर कागदावर लिहिलेलं संगीत वाचायला शिकवत. जशी आपल्याला बाराखडी, तशी त्या मुलांना सुरांची बाराखडी. घरी पैसा नसला तरी पोराच्या हाती ही विद्या असायची.

दुसरं कारण मुंबई. गावात शेती थोडी, काम नाही. म्हणून माणसं मुंबई गाठायची, जशी कोकणातली आणि घाटावरची गिरणीत यायची. गोव्याच्या अनेक गावांची मुंबईत एकेक खोली असायची, तिला "कूड" म्हणत. धोबी तलावाच्या बाजूला अशा कितीतरी कुडी होत्या. गावच्या माणसाने थोडी वर्गणी भरायची आणि तिथे राहायचं. आपली पेटी भिंतीला लावायची, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायची. काम मिळालं की वर्गणी द्यायची, काम सुटलं की कुडीचा आधार. आपल्या गटाची आठवण यावी अशीच ही व्यवस्था.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत तेव्हा साहेब लोक आणि श्रीमंत लोक नाचायला यायचे. 1930 नंतरच्या काळात अमेरिकेतले काळे वादक ताजमध्ये येऊन वाजवू लागले. लिऑन ॲबी 1935 साली आपला बँड घेऊन आले. क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हेही आले. गोव्याच्या पोरांनी त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याबरोबर वाजवून आणि रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकून हे संगीत उचललं. चिक चॉकलेट त्याच पिढीतले.

स्वातंत्र्यानंतर काळ बदलला. साहेब निघून गेले. 1949 साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांतल्या रात्रीच्या मैफलींचं काम कमी झालं. पण त्याच वेळी हिंदी चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती कागदावर उतरवून व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रम्पेटने कुठे शिरायचं, ढोलकीने कुठे थांबायचं हे लिहून द्यायला जो माणूस लागायचा, तो अरेंजर. त्याने लिहिलेला कागद वाचून वाजवणारे वादकही लागायचे. गोव्याच्या वादकांना ही बाराखडी लहानपणापासून येत होती. म्हणून ते दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात असं दोन्हीकडे राबू लागले. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागले ते असे.

त्या वेळचं रेकॉर्डिंग कसं व्हायचं तेही ऐका. आज प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा घेऊन नंतर जोडता येतो. तेव्हा ती सोय नव्हती. गायक आणि सगळे वादक एकाच दालनात, एकाच वेळी. शेवटच्या ओळीत एकाचा सूर हुकला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून पुन्हा. म्हणून त्या गाण्यांत जे ऐकू येतं ते पंधरा-वीस माणसांनी एका दमात केलेलं काम आहे.

आणि रेकॉर्ड, म्हणजे ती काळी तबकडी, कशाची बनायची माहीत आहे? लाखेची! आपण लाखेच्या बांगड्या म्हणतो तीच लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो चिकट थर करतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. आपल्या देशात ती गोळा करण्याचं काम मुख्यतः जंगलालगतच्या आदिवासी कुटुंबांचं, त्यात बायाही आल्या. जगभरच्या रेकॉर्डींसाठी लाख जायची ती मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबायची. कोलकात्याजवळ दमदमला तिचा मोठा कारखाना होता. ती मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची. हातातून पडली की खापरासारखी फुटायची. म्हणजे हा विचार करा, न्यू ऑर्लिन्सच्या माणसाचा सूर गोव्याच्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचला तो कदाचित आपल्याच एखाद्या आदिवासी बहिणीने खरवडलेल्या लाखेवर बसून.

त्या लाख गोळा करणारीचं नाव तबकडीवर नव्हतं, हे उघडच आहे. पण वादकांचंही नसायचं. चित्रपटाच्या रेकॉर्डीवर मधोमध एक गोल कागद असायचा. त्यावर चित्रपटाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. संपलं. गाण्याच्या मधल्या ज्या ट्रम्पेटवर लोक शिट्ट्या मारायचे, ते कोणी वाजवलं हे लिहायची पद्धतच नव्हती. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असं नाही. कोणाला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. आम्हाला तरी कुठे वाटलं होतं!

एक काळ तर गायकांनाही हे भोगावं लागलं. 1949 सालच्या "महल" चित्रपटातलं लताबाईंचं गाणं तुम्हाला माहीत आहे. ते गाजलं तेव्हा तबकडीवर लता मंगेशकर हे नाव नव्हतं. छापलं होतं "कामिनी", म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, ही गाणारी आहे तरी कोण? तेव्हा रेडिओवरून तिचं नाव सांगितलं गेलं. म्हणजे श्रोत्यांनी विचारलं म्हणून नाव बाहेर आलं. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हाला ही गोष्ट फार लागली.

वादकांसाठी कोणी पत्रं लिहिली नाहीत. चिक चॉकलेट यांनी स्वतःच्या बँडच्या नावाने काही तबकड्या केल्या होत्या. त्यांवर नाव होतं, म्हणून त्या आज शोधता येतात, त्यांच्या म्हणून ऐकता येतात. पण चित्रपटांच्या ज्या गाण्यांत ते आणि त्यांचे सोबती वाजले, त्यांतलं कुठलं वाजवणं कोणाचं हे सांगायला कागद नाही. ते फक्त वादकांच्या आठवणीत होतं. एकेक वादक गेला तशी आठवणही गेली.

पुढे काही लोकांनी हे काम मनावर घेतलं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या आणि 2008 साली पुस्तक लिहिलं. नरेश फर्नांडिस या पत्रकाराने मुंबईतल्या जॅझवर 2012 साली "ताजमहाल फॉक्सट्रॉट" हे पुस्तक काढलं. त्यांनी घरोघरचे फोटो, जुन्या तबकड्या, माणसांच्या आठवणी गोळा केल्या. तोवर चिक चॉकलेट यांना जाऊन चाळीस वर्षं उलटली होती. जे उरलं होतं तेवढंच मिळालं.

एक नाव मात्र वेगळ्या वाटेने राहिलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 साली "अमर अकबर अँथनी"मध्ये अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते शिष्याने गुरूला वाहिलेलं नाव आहे. सगळा देश ते नाव म्हणत नाचला. हा खरा माणूस आहे हे किती जणांना ठाऊक होतं, तो भाग वेगळा. पण नाव राहिलं.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे ओव्यांच्या बाबतीत असं नावानिशी काम झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. म्हणून आज त्या बाईच्या नातवंडांना आजी सापडू शकते. नाव लिहायला काय लागलं? एक वही आणि दोन मिनिटं.

आणि आता त्या मुलीचं. ती दोन दिवस हेडफोन लावून एकेक फाईल ऐकत बसली. म्हाताऱ्या बायकांचे आवाज एकमेकींसारखे वाटतात. तीन आवाजांवर ती अडली. हा आजीचा, की तो? मग तिने आपल्या आईला बोलावलं. आई ऐकत होती, आणि एका ओवीपाशी तिने हात वर केला. त्या ओवीत आजीने आपल्या माहेरच्या गावाचं आणि धाकट्या भावाचं नाव गुंफलं होतं. तो भाऊ तरणा असतानाच गेला होता, त्याचं नाव घरात आता कोणी घेतही नव्हतं. आजीने ते ओवीत ठेवलं होतं. आम्ही तिचं नाव लिहायला विसरलो, पण ती कोणाला विसरली नव्हती. त्या एका नावावरून आजी सापडली. मुलीने ते रेकॉर्डिंग आपल्या मोबाइलवर घेतलं. आईने मात्र ते तिथेच पुन्हा दोनदा ऐकलं.

उरलेल्या फायलींपैकी अकरा आवाजांची नावं आम्हाला अजून लागलेली नाहीत. दर शनिवारी त्यांतला एक आवाज आम्ही या कार्यक्रमात लावणार आहोत. ओळखीचा वाटला तर कळवा.

आणि यापुढे आमच्या केंद्रात एक नियम केला आहे, तो तुमच्या गटातही करता येईल. गाणं असो, भारूड असो, औषधाची माहिती असो की बाळंतपणाचा अनुभव असो, मोबाइलचं बटण दाबल्यावर आधी बोलणारीने स्वतःच्या तोंडाने सांगायचं: माझं नाव अमुक, सासर अमुक, माहेर अमुक, आजची तारीख अमुक, हे मला शिकवलं अमुक हिने. साथीला झांज वाजवणारी किंवा मागून सूर धरणारी असेल तर तिनेही नाव सांगायचं. हे रेकॉर्डिंगच्या आतच असलं की फाईलचं नाव बदललं तरी हरवत नाही. मग गटाच्या वहीत एक ओळ लिहायची. फाईल दोन ठिकाणी ठेवायची, कारण मोबाइल पाण्यात पडतो आणि मेमरी कार्ड बिघडतं. आणि रेडिओवर लावायची का, हे तिला विचारून तिचं हो किंवा नाही तेही लिहून ठेवायचं.

आज रात्री कोणाच्या मोबाइलवर "शोला जो भडके" लागलं तर एकदा डोळे मिटून ऐका. गाण्याचे शब्द सोडून द्या, मागची वाद्यं ऐका. वाजवणारी माणसं आता नाहीत, आणि त्या तबकडीवर त्यांची नावं नाहीत. ऐकून झालं की घरातल्या थोरल्या बाईला विचारा, "आत्याबाई, तुमच्या माहेरची एखादी ओवी येते का हो?" आणि ती सुरू करायच्या आधी तिला नाव सांगायला लावा.

पुढच्या शनिवारी भेटू. नमस्कार.